व्हिसा ‘लागत’ नाही

मराठीत लॉटरी लागते, नोकरी लागते आणि व्हिसाही लागतो. “काय हो, व्हिसा लागला का?” असं आपण जिन्यात सहज विचारतो आणि त्या क्रियापदातच एक अख्खा सिद्धान्त गिळून टाकतो. सिद्धान्त असा की, अमेरिकेच्या वकिलातीत काचेमागे बसलेला माणूस लहर लागेल तसा कुणाला हो म्हणतो, कुणाला नाही. आपल्या हातात फक्त जाड फाइल, ओळखीचा एजंट आणि देवाचा धावा. हैदराबादजवळ चिलकूरला तर ‘व्हिसा बालाजी’च आहे. मागणं मागताना ११ प्रदक्षिणा, मागणं पुरं झालं की १०८. त्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. काचेमागे काही तर्कच नसतो, या समजुतीशी आहे.

नशीबवाद्यांकडे पुरावा नाही असं मात्र नव्हे. एकाच मजल्यावरची दोन निवृत्त जोडपी. पेन्शन सारखी, फ्लॅट सारखा, दोघांचीही मुलं न्यू जर्सीत. एकांना दहा वर्षांचा व्हिसा, दुसऱ्यांच्या हाती नकाराचा कागद. मुलाखत जेमतेम तीन मिनिटांची. महिनाभर खपून लावलेली फाइल तर उघडलीसुद्धा नाही. मग माणूस नशिबाला बोल लावील नाही तर काय? त्यांनी पाहिलं ते खरंच आहे. त्यावरून काढलेला अर्थ तेवढा चुकला.

अमेरिकेचा परदेशी नागरिकांविषयीचा मूळ कायदा १९५२ चा. त्यातलं २१४ (बी) हे कलम सांगतं की, तात्पुरता व्हिसा मागणारा प्रत्येक माणूस कायमचा राहायलाच आला आहे असं धरून चाला. तसं नाही हे पटवणं त्याचं काम. ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ ही आपली म्हण त्यांनी जणू कायद्यात लिहून ठेवली आहे. फौजदारी खटल्यात आरोपी आधी निर्दोष असतो. इथे पाहुणा आधी मुक्कामी असतो. हे आवडो न आवडो, काचेपलीकडचा प्रश्न त्यामुळे ठरलेला आहे: हा माणूस कशाला जातोय आणि परत का येईल? पैसे किती, हा प्रश्न त्यातला एक तुकडा. दोन शेजाऱ्यांच्या पासबुकांतले आकडे सारखे असतील, पण त्यांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरंही सारखीच होती, हे कुणी पाहिलं?

मौज म्हणजे हे गृहीतक सगळ्यांना लागू नाही. एच-१बी आणि एल-१ या नोकरीच्या व्हिसांना कायद्यानेच त्यातून वगळलं आहे. त्यांच्या धारकाने ग्रीन कार्डाची इच्छा बाळगली तरी चालते. विद्यार्थ्यांच्या एफ-१ ला मात्र ती सवलत नाही. म्हणजे व्हिसाचा प्रकार बदलला की परीक्षेचा पेपरच बदलतो. बी-१ धंद्याच्या बैठकीसाठी, बी-२ फिरायला, नातलगांना भेटायला किंवा उपचारांसाठी, सी-१/डी जहाजावर रुजू होणाऱ्या खलाशासाठी. गोव्यातल्या तारवट्याला हा फरक तोंडपाठ असतो, कारण चुकीच्या वर्गात अर्ज केला तर बोट चुकते. आपली पदवीधर मंडळी मात्र “कुठला सोपा पडेल?” असं विचारतात. हेतू आधी ठरतो, व्हिसाचा प्रकार त्यामागून येतो. सोपं-अवघड हा प्रश्नच इथे गैरलागू आहे.

दुसरा सिद्धान्त एजंटांचा, आणि तो पहिल्यापेक्षा घातक. खरं सांगितलं तर नकार येतो, म्हणून ‘बरोबर’ उत्तर पाठ करून जा. आमच्या ओळखीच्या एक काकू लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. बाळंतपण हा शब्दही उच्चारू नका, नायगारा बघायचाय म्हणा, असं एका एजंटाने पढवलं होतं. काचेमागच्या बाईंनी विचारलं, मुलगी काय करते? काकू म्हणाल्या, सध्या घरीच असते. का? काकू गप्प. पुढे नायगारा कुठल्या राज्यात आहे तेही सांगता येईना. नकार. यात दुर्दैव कुठे आलं? वास्तविक लेकीला मूल होणार आहे, त्या वेळी चार महिने तिच्याजवळ असावं म्हणून जाते, माघारी यजमान आणि घर आहे, हे सांगण्यात चोरी काय होती? नातलगांना भेटणं हा बी-२ चा उघड, कायदेशीर हेतू आहे. मनाई आहे ती तिथे नोकरी करायला.

काकूंचं तरी थोडक्यात निभावलं. २१४ (बी) खाली आलेला नकार कायमचा नसतो. १८५ डॉलर पुन्हा भरून पुन्हा अर्ज करता येतो, फक्त आधीचे पैसे परत मिळत नाहीत. पण जाणूनबुजून खोटी माहिती दिली किंवा बनावट कागद जोडला असं ठरलं, तर त्याच कायद्याचं २१२ वं कलम माणसाला आयुष्यभरासाठी अपात्र ठरवू शकतं. चार दिवसांसाठी खात्यात फिरवलेले उसने पंधरा लाख आणि सीएकडून फुगवून आणलेलं मूल्यांकन असल्या शहाणपणाचा भाव इतका आहे. आणि फाइल का उघडत नाहीत? कारण डीएस-१६० हा अर्ज अधिकाऱ्यासमोर पडद्यावर असतोच. तो तपासतो ते अर्जातला माणूस आणि समोरचा माणूस एकच आहे का. ज्यांचा अर्ज एजंटाच्या पोऱ्याने भरलेला असतो, ते स्वतःच्याच अर्जाला अनोळखी असतात.

जाता जाता आणखी एक गैरसमज. दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं राहण्याची परवानगी नव्हे. तो विमानतळाच्या दारापर्यंत नेतो. ओसरीवर किती दिवस बसायचं ते तिथला अधिकारी आय-९४ या नोंदीत ठरवतो, बी-२ ला सहसा सहा महिने. मुदत उलटून १८० दिवसांहून जास्त राहून निघालात तर तीन वर्षं बंदी, वर्ष किंवा त्याहून अधिक राहिलात तर दहा. “नातू लहान आहे, राहू अजून थोडे” म्हणणाऱ्या आजी-आजोबांनी हे आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवावेत.

हा कायदा न्याय्य आहे, असं माझं म्हणणं नाही. अधिकाऱ्याचं समाधान हाच निकष, आणि नकारावर अपील नाही. कोविडनंतर, २०२२ च्या अखेरीस, भारतात काही ठिकाणी पहिल्या मुलाखतीची तारीख दोन वर्षांहून पुढची मिळत होती. १९४६ साली याच अमेरिकेने भारतीयांना स्थायिक होण्यासाठी दार किलकिलं केलं ते वर्षाला १०० जणांपुरतं. त्यामुळे राग येत असेल तर जरूर यावा. पण कडक कायदा आणि सोडत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरी सोडत आहे ती एच-१बी ची: वर्षाला ६५,००० जागा, अमेरिकेत पदव्युत्तर शिकलेल्यांसाठी आणखी २०,०००, आणि नोंदणी जास्त झाली की संगणक चिठ्ठ्या काढतो. तिथे ‘लागला’ म्हणणं अगदी बरोबर. गंमत अशी की, तिथे आपण “पोराने कष्टाने मिळवला” म्हणतो.

तेव्हा अर्ज स्वतः भरा, निदान शेजारी बसून ओळ न् ओळ वाचून घ्या. कशाला जाताय ते एका वाक्यात घरच्यांना सांगून पाहा. त्यांना पटलं नाही तर काचेमागे पटणार नाही. इंग्रजीची धास्ती सोडा. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत मराठीतही देता येते. त्यासाठी एजंट लागत नाही.