पदकामागचे हात

सांगली जिल्ह्याचे सुपुत्र मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेले जवान. १९७२ साली हायडलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी जलतरणात सुवर्णपदक पटकावले. २०२४ साली पॅरिसमध्ये भारताने २९ पदके मिळवली. त्यांत याच जिल्ह्यातील सचिन खिलारी यांचे गोळाफेकीतील रौप्यपदक होते. अशा यशानंतर आपण जिद्दीचे गोडवे गातो. परंतु केवळ जिद्दीचे कौतुक केल्याने एक सत्य झाकले जाते: असंख्य दिव्यांग मुले जिद्द नाही म्हणून नव्हे, तर त्यांना मैदानावर नेणारे जाणकार हात नाहीत म्हणून मागे राहतात. खेळाच्या तासाला अशा मुलाला दप्तरे सांभाळायला बसवले जाते, आणि आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही.

हे हात म्हणजे फिजिओथेरपिस्ट, कृत्रिम अवयव घडवणारे तंत्रज्ञ, क्रीडाशिक्षक, खेळाडूंचे क्षमतेनुसार वर्गीकरण करणारे परीक्षक आणि दृष्टिबाधित धावपटूंसोबत धावणारे साथीदार. पॅरिसमध्ये सिमरन शर्मा यांनी २०० मीटर शर्यतीत कांस्यपदक जिंकले, तेव्हा अभय सिंह त्यांच्यासोबत धावत होते. साथीदाराने खेळाडूच्या आधी अंतिम रेषा ओलांडायची नाही, असा नियम आहे. या साऱ्या व्यवसायांचे मर्म त्यातच आहे: साथ पूर्ण द्यायची, पण यश खेळाडूचेच राहू द्यायचे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम ३० नुसार दिव्यांगांचा क्रीडासहभाग ही शासनाची जबाबदारी आहे. म्हणजे हा प्रश्न दयेचा नसून हक्काचा आहे. आणि प्रशिक्षित मनुष्यबळाशिवाय हक्क कागदावरच राहतो.

"यात नोकऱ्या आहेत कुठे?" हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. निव्वळ दिव्यांग क्रीडेसाठीची पदे आज थोडी आहेत, हे मान्य करावे लागेल. परंतु फिजिओथेरपी किंवा शारीरिक शिक्षणाची पदवी स्वतंत्रपणेही चरितार्थ चालवते. कृत्रिम अवयवशास्त्राचे शिक्षण मुंबईत हाजीअली येथील शासकीय पुनर्वसन संस्थेत मिळते. मूळ व्यवसाय भक्कम करून त्याला या क्षेत्राची जोड देणे हा व्यवहार्य मार्ग आहे.

म्हणून पालकांनी डॉक्टर, अभियंता आणि स्पर्धा परीक्षा यांपलीकडचा हा पर्यायही मुलांपुढे ठेवावा. दिव्यांग विद्यार्थ्यांनी तर या व्यवसायांत आवर्जून यावे; त्यांचा अनुभव हीच त्यांची मोठी पात्रता ठरेल. या क्षेत्रात असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक दिवस शाळेच्या मैदानासाठी द्यावा. दप्तरांजवळ बसलेले मूल मैदानात उतरेल, त्या दिवशी त्या शिक्षणाचे चीज होईल.