ओळख आणि औषध
परभणीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जुन्या कर्मचाऱ्यांसोबत नवे डॉक्टर आले. अशा वेळी परस्पर ओळख ही केवळ शिष्टाचाराची बाब राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ मधील शस्त्रक्रिया-सुरक्षा यादीत १९ कलमे आहेत. छेद देण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, हे त्यातलेच एक. आठ शहरांतील रुग्णालयांत ही यादी वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. श्रेय एकट्या ओळखीचे नव्हे, हे खरे. पण सतत खेकसून घेणारी परिचारिका चुकीचा डोस दिसला तरी कचरते. आदराने वागवलेली ‘सर, थांबा’ म्हणते. पाळी बदलताना अबोला असला, तर कोणत्या खाटेवरचे इंजेक्शन राहिले, हे सांगायचेच राहून जाते.