रानडुकरासाठी स्वस्त रायफल शोधताय? आधी वावरातला हिशेब करा



तुरीच्या शेंगा भरायला लागल्या, हरभरा घाट्यावर आला, की दर साली एकच प्रश्न येतो. "काका, डुकरांनी वावर नांगरून टाकलं. कमी पैशात कोणती रायफल घ्यावी? बोल्टची नवी घ्यावी की जुनी पाहावी?" विचारणारे बहुतेक पंचविशी-तिशीतले. काही जण तर जोडी विकायची भाषा करतात. एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथंच सविस्तर लिहितो. काहींना राग येईल. येऊ द्या.

माझं म्हणणं सरळ आहे. पीक राखायला रायफल घेऊ नका. नवी नको, जुनी नको, फुकट मिळाली तरी नको. बंदूक लागतच असेल तर परवान्याची बाराबोर. आणि भांडायचंच असेल तर दुकानदाराशी भावावरून भांडू नका, सरकारशी भांडा. कारण खरा अडथळा तिथं आहे.

आता कारणं सांगतो.

पहिलं, हा प्रश्न आला कुठून?

मोबाईलवरच्या अमेरिकेच्या व्हिडिओतून. तिकडं सॅव्हेज, रुगर अशा कंपन्यांच्या कमी किमतीच्या बोल्टच्या रायफली मिळतात. त्यांचा शिकारीचा हंगाम ठरलेला, हरणाचा परवाना विकत मिळतो. म्हणून नवी घ्यावी की कोणाची वापरलेली घ्यावी, नळी किती लांब, दुर्बीण कोणती, यावर ते तासभर बोलतात. त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. पण तो व्हिडिओ पाहून आपल्या धुऱ्यावरचा निर्णय घ्यायचा नसतो. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे. तिकडं जो शिकारीचा माल आहे, तो इथं वेगळ्याच कामाचा ठरतो.

दुसरं, परवाना कशाचा मिळतो?

हे कोणी सांगत नाही, म्हणून नीट वाचा. शस्त्र कायदा १९५९ चा. त्यातल्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणाचा उल्लेख आहे. तिथं कोणतं हत्यार लिहिलंय? ठासणीची बंदूक, आपल्याकडं भरमार म्हणतात ती. ती पुरत नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, नळी किमान २० इंच. म्हणजे एकनळी किंवा दुनळी बाराबोर. रायफलीच्या नळीत आतून पीळ असतात, ती गुळगुळीत नळीत बसत नाही. म्हणजे पिकाचं कारण लिहून रायफल मागाल तर कायद्यातलं हे कलम तुमच्या कामाचं नाही. अर्ज पडून राहतो आणि मग आपण म्हणतो, साहेब दाबून बसला.

शिवाय २०१६ च्या नियमांप्रमाणे शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण लागतं, बंदूक घरात सुरक्षित ठेवायची सोय दाखवावी लागते, पोलिसांची चौकशी होते. २०१९ च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीनची पाच वर्षं झाली, हे एक बरं झालं. पण निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायचं पत्र येतं. आपल्याकडं ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा चालूच असतं. डुकरं काही आचारसंहिता पाळत नाहीत.

तिसरं, स्वस्त म्हणजे काय?

आपल्या देशात साध्या माणसाला मिळणारी बोल्टची रायफल म्हणजे मुख्यतः ३१५ बोर. बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याची. इंग्रजांच्या काळात लष्कराच्या ३०३ चं काडतूस लोकांच्या हाती जाऊ नये म्हणून हे वेगळं बोर चाललं, ते आजवर चालू आहे. बोल्टची घडण त्याच ३०३ च्या घराण्यातली. ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यातल्या एका कंपनीकडं हे काम आलं. माल तोच.

"जुनी स्वस्त पडेल" हा दुसरा गैरसमज. अमेरिकेत वापरलेली रायफल स्वस्त पडते. आपल्याकडं १९८० च्या दशकापासून साध्या माणसाला बाहेरून बंदूक आणायची वाट जवळजवळ बंद आहे. त्यामुळं जुन्या विलायती रायफलीचा भाव उतरायच्या ऐवजी चढतो. नव्या सरकारी रायफलीपेक्षा पन्नास वर्षं जुनी विलायती महाग, असा आपला बाजार. आणि तिची काडतुसं? ती आणखी महाग, मिळाली तर.

स्वस्त राहिली ती फक्त वापरलेली ३१५. एखाद्याचे वडील वारले, पोराला परवाना नको, अशी विक्रीला निघते. ज्यांच्याकडं रायफलीचा परवाना आधीच दुसऱ्या कारणानं आहे, जीविताच्या संरक्षणाचा किंवा नेमबाजीचा, त्यांनी अशी पाहायला हरकत नाही. त्यांच्यासाठी पाच गोष्टी लिहून ठेवतो.

१. बोल्ट काढून नळीतून उजेडाकडं पाहा. पीळ धारदार, चकचकीत दिसले पाहिजेत. काळे खड्डे दिसले तर नळी गंजलेली. तेल लावून खड्डा भरत नाही.

२. बोल्टवरचा नंबर आणि रायफलीच्या अंगावरचा नंबर जुळला पाहिजे. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसवलेला असेल तर काडतूस आत घट्ट बसेलच असं नाही, आणि बार उडताना ते तोंडाजवळ फुटू शकतं. हे काम जाणत्या परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यायचं, स्वतः अंदाज बांधायचा नाही.

३. नळीचं तोंड पाहा. पडून ठेचलेलं असेल तर नेम कधीच लागणार नाही.

४. दस्त्याला मनगटाजवळ चीर आहे का, पॉलिशखाली भेग लपवली आहे का, पाहा.

५. कागद. मालकानं दुसऱ्या परवानाधारकाला विकायची तर आधी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. "आज पैसे द्या, आज घेऊन जा, कागद मागून करू" म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिरा. बिनकागदाची बंदूक ही बंदूक नाही, जेलचं आवतण आहे.

दिवसा, नेमबाजीच्या जागेवर, जाणत्या माणसासमोर चालवून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका. एवढं केलं तर रायफल चांगली मिळेल. पण ती चांगली असली तरी तुरीच्या वावरासाठी नाहीच. का, ते पुढं.

चौथं, गोळी कुठं जाते?

३१५ ची गोळी जवळजवळ १६ ग्रॅमची. नळीतून निघते ती सेकंदाला ६०० मीटरच्या वेगानं. डुकराला लागली नाही, किंवा लागून पार निघाली, तर ती तुमच्या वावरात थांबत नाही. दोन किलोमीटरच्या पुढंही जाऊ शकते. आता आपली जमीन डोळ्यासमोर आणा. सपाट काळी. मागं ना टेकडी ना बांध. तुरी माणसापेक्षा उंच. आणि दर दोन वावरं सोडून कोणीतरी जागलीला बसलेलं, कोणी मचाणावर, कोणी झोपडीत, कोणी मोटार चालू करायला निघालेलं. लाइन रात्रीची देतात, म्हणून रात्री वावरात माणूस असतोच. दोन किलोमीटरमध्ये तुमची किती ओळखीची माणसं झोपलेली असतात, मोजा एकदा.

आणखी एक गोष्ट. बॅटरीच्या उजेडात डोळे चमकले की लोक म्हणतात, "डुक्कर!" मंडळी, डुकराच्या डोळ्यामागं तो चमकणारा पडदाच नसतो. गाईचा असतो, बैलाचा असतो, कुत्र्याचा, रोह्याचा, बिबट्याचा असतो. अंधारात डोळे लख्ख चमकले तर ते डुक्कर नसण्याचीच शक्यता जास्त. कोणाची तरी सुटलेली गाय असेल. आणि माणसाचे डोळे तर चमकतच नाहीत. पाण्याच्या पाटावर वाकून बसलेला माणूस अंधारात कसा दिसतो? डुकरासारखाच दिसतो.

बाराबोरचे मोठे छर्रे तीस-चाळीस मीटरवर काम करतात आणि रायफलीच्या मानानं कितीतरी अलीकडं दम सोडतात. मचाणावरून खाली, मातीच्या दिशेनं बार केला तर चुकलेला छर्रा मातीत जातो. काडतुसंही आपल्या खडकीच्या कारखान्याची मिळतात. कायद्यानं पिकासाठी गुळगुळीत नळी लिहिली, त्याला वावरातलाही अर्थ आहे.

पाचवं, बंदूक आली, पण मारायची परवानगी?

इथं माझा खरा राग आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. ते दोन वेगळे कागद, दोन वेगळी ऑफिसं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही अनुसूची दोनमध्ये आहेत. उभ्या पिकाला धोका असला तर कलम ११ खाली वनखात्याचा अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती नसताना मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, बंदूक जप्त. कोर्ट शस्त्राचा परवानाही रद्द करू शकतं.

त्याच कलमात लिहिलंय, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिकपणे जनावर मारलं तर गुन्हा नाही. जीव वाचवला तर माफ, पीक वाचवलं तर आधी कागद. कायद्याला हे कळत नाही की आमचं पीक गेलं की आमचा जीवच गेला. जनावर सरकारचं, नुकसान आमचं, जागरण आमचं, आणि अर्ज करून वाट पाहायची तीही आम्हीच. डुकराचा कळप एका रात्रीत भुईमुगाचं वावर उलथतो. कागद येईपर्यंत काढणी होऊन जाते.

केरळ सरकारनं २०२२ मध्ये हा अधिकार खाली, स्थानिक संस्थांच्या प्रमुखांकडं दिला. बिहारनं मागणी केली, केंद्रानं २०१५ मध्ये तिथल्या काही जिल्ह्यांत डुक्कर आणि रोही ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी जाहीर केले. म्हणजे वाट आहे. आपल्याला हवं ते हे: परवानगीचा निर्णय दिवसांत व्हावा, महिन्यांत नाही. गोळी चालवायला प्रशिक्षण घेतलेला, वनखात्याच्या यादीतला माणूस यावा. आणि मेलेल्या जनावराचा पंचनामा त्यांनीच करावा. प्रत्येक घरात रायफल, ही मागणी नाही. ती मागणी आपल्याच पोरांच्या जिवावर उठेल.

मग करायचं काय?

कृषी खात्याचे साहेब आणि विद्यापीठाचे लोकही हे पान वाचतात, म्हणून त्यांनाही सांगतो. धुऱ्यावर केस टाका, साड्या बांधा, वास सोडा, एवढ्यावर सल्ला संपवू नका. डुक्कर आठ दिवसांत सरावतं. भुईमुगाभोवती करडईच्या काटेरी ओळी थोड्या कामी येतात, पण कळप मोठा असला तर त्याही अपुऱ्या.

झटका मशीनचं सौर कुंपण टिकतं, पण एकट्याच्या चार एकराला नाही, पूर्ण शिवाराला मिळून. एकट्यानं लावलं तर डुकरं शेजाऱ्याकडं जातात आणि भांडण माणसात लागतं. दहा-पंधरा वावरांनी वर्गणी करून एकच घेर धरा, खालची तार जमिनीपासून वीतभरावर ठेवा, गवत लागू देऊ नका. जंगलालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान आहे, ते मागा. पण लाइनीचा करंट तारेत सोडू नका. त्यानं डुकराआधी माणूस मरतो, आणि सोडणारा जन्मभरासाठी आत जातो.

नुकसान झालं की तीन दिवसांच्या आत वनखात्याकडं अर्ज टाका, फोटो काढा, पोच घ्या. "मिळून मिळून किती मिळतं" म्हणून अर्ज न करणारे आपणच जास्त. मग कागदावर नुकसान दिसत नाही, आणि नुकसान दिसलं नाही तर परवानगी कशाच्या आधारावर मागणार?

म्हणून येत्या ग्रामसभेत दोन ठराव घ्या. एक, शिवाराच्या सामायिक कुंपणाचा. दोन, कलम ११ खाली परवानगी आणि प्रशिक्षित माणूस मागण्याचा, मागच्या हंगामाचे सगळे अर्ज जोडून. गावात दोघा-चौघांकडं परवान्याची बाराबोर असेल तर त्यांची नावं त्यात घाला.

आणि ज्याला जोडी विकून रायफल घ्यायची आहे, त्याला शेवटचं सांगतो. जोडी राहू दे बाबा. सकाळी वावर तिलाच वहायचं आहे.

पटलं नाही तर खाली लिहा, उत्तर देईन. आपल्या भागात कलम ११ ची परवानगी कोणाला मिळाली असेल तर किती दिवसांत मिळाली, तेही लिहा. पुढच्या अर्जाला कामी येईल.

जय जवान, जय किसान.