कार्यकर्ते मिळत नाहीत, हे खरे नाही

मुलांच्या शाखा, स्काउट पथके, उन्हाळी शिबिरे, वस्तीतले खेळगट चालवणारे एकत्र आले की एक वाक्य हमखास निघते : ‘मुले भरपूर आहेत हो, मोठी माणसे मिळत नाहीत.’ मागोमाग कारणेही येतात. पूर्वीची सेवावृत्ती राहिली नाही. नोकरी आणि प्रवास यांतच दिवस संपतो. शिवाय लहानपणी ज्याने हा गट अनुभवला, त्यालाच पुढे तो चालवता येतो. बाहेरच्याला आमची रीत कळत नाही. यातले प्रवासाचे कारण खरे आहे. रोज विरारहून चर्चगेट गाठणाऱ्या माणसाने दर संध्याकाळी मैदानावर हजर राहावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. बाकीचे मात्र तपासून घ्यायला हवे.

‘आमच्यात वाढलेलाच हवा’ हे म्हणणे स्काउट चळवळीच्या जन्मकथेपुढेच टिकत नाही. 1908 मध्ये इंग्लंडात बेडन-पॉवेल यांचे ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ भागाभागाने निघाले, तेव्हा आधीपासून चालू असलेल्या मुलांच्या संस्थांनी त्याचा उपयोग करावा एवढीच कल्पना होती. पण मुलांनी पुस्तक वाचून आपापल्या टोळ्या बांधल्या आणि ओळखीच्या एखाद्या मोठ्या माणसाला गाठून ‘तुम्ही आमचे स्काउटमास्तर व्हा’ अशी गळ घातली. त्या पहिल्या पिढीतला कोणताही स्काउटमास्तर लहानपणी स्काउट नव्हता. असणे शक्यच नव्हते. पहिल्या महायुद्धात तरुण स्काउटमास्तर आघाडीवर गेले आणि पथके उघडी पडली. त्याच काळात, 1916 मध्ये, लहान मुलांचा कब विभाग सुरू झाला, आणि तो उभा करण्यात व्हेरा बार्कले यांच्यासारख्या स्त्रियांचा मोठा वाटा होता. त्या स्त्रिया आधीही तिथेच राहत होत्या. त्यांना फारसे कोणी विचारले नव्हते.

महाराष्ट्रातले उदाहरण राष्ट्र सेवा दलाचे. 4 जून 1941 रोजी एस. एम. जोशी दलप्रमुख झाले आणि दलाची नवी उभारणी सुरू झाली. रोजची शाखा हा कामाचा कणा होता. पण कलापथकाच्या रूपाने दलाने आणखी एक दार उघडे ठेवले. त्या पथकात वसंत बापटांसारखे कवी होते, तसेच राम नगरकर आणि लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करणारे निळू फुलेही होते. ज्याला बौद्धिक घेणे जमत नाही त्याला वगात उभे राहणे जमते, हे दलाने ओळखले होते. आजच्या किती गटांकडे असे दुसरे दार आहे?

खरा दोष मागण्याच्या पद्धतीत आहे. ‘स्वयंसेवक हवेत’ असा फलक लावला की तो कोणालाच उद्देशून नसतो. वाचणाऱ्याला वाटते, एकदा होकार दिला की सगळे रविवार गेले. त्याऐवजी त्याच माणसाला समोर बसवून सांगावे : तीन महिने, रविवारी सकाळी दोन तास, बारा मुलांना नकाशा वाचायला शिकवायचा आहे, सोबत आमच्या अनुभवी ताई असतील, गाडीभाडे संस्था देईल. अशा विचारण्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येते. जागतिक स्काउट संघटनेने 1993 मध्ये बँकॉकच्या परिषदेत मोठ्यांविषयीचे जे धोरण स्वीकारले, त्याचा गाभा हाच आहे. आधी काम ठरवा, दोघांच्या संमतीने करार करा, मुदत घाला, आणि मुदत संपल्यावर पुढे चालू ठेवायचे, काम बदलायचे की निरोप घ्यायचा, हे एकत्र बसून ठरवा. आपल्याकडे सन्मानाने निरोप घेण्याची सोयच नसते. माणूस एक दिवस येईनासा होतो, आणि मागे त्याच्या निष्ठेविषयी बोलले जाते.

आता सर्वांत घातक आक्षेप. ‘फुकट काम करायला आलेल्याकडे पोलिसांची चारित्र्य पडताळणी मागायची? हा अपमान झाला, मग येणारेही परत जातील.’ हा युक्तिवाद मुळापासून खोडला पाहिजे. अमेरिकेतल्या बॉय स्काउट्स संस्थेने फेब्रुवारी 2020 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. लैंगिक अत्याचाराचे 82 हजारांहून अधिक दावे तिच्याविरुद्ध पुढे आले. स्वयंसेवक म्हणून आलेल्या मोठ्यांवर ज्यांनी लहानपणी भरवसा ठेवला होता, अशी माणसे त्या आकड्यात आहेत. आपल्याकडे पोक्सो कायद्याखालील 2020 च्या नियमांनी मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांवर कर्मचाऱ्यांच्या पोलीस पडताळणीची जबाबदारी टाकली आहे. नियमाची भाषा कर्मचाऱ्यांची आहे, म्हणून स्वयंसेवकांना वगळणे ही पळवाट ठरेल. शिबिराच्या तंबूत मुलासोबत रात्र काढणारा पगारी आहे की बिनपगारी, याने मुलाच्या दृष्टीने काहीच फरक पडत नाही. अध्यक्षापासून कालच आलेल्या तरुणापर्यंत सर्वांना एकच अर्ज भरायला लावला आणि मुलांसोबत नेहमी दोन मोठी माणसे असतील हा नियम पाळला, तर अपमान कोणाचाच होत नाही. उलट भलत्या संशयापासून कार्यकर्ताही वाचतो.

राहिला स्वागताचा प्रश्न. नवा माणूस पहिल्या दिवशी येतो, कोपऱ्यात उभा राहतो, कोणीतरी त्याच्या हातात देणगीची पावतीपुस्तके देतो. तो मुलांसाठी आलेला असतो, आणि मुलांशी त्याची गाठच पडत नाही. तिसऱ्या रविवारी तो आला नाही, तर दोष त्याच्या सेवावृत्तीचा नाही. पहिल्याच दिवशी मुलांना त्याचे नाव सांगावे, अर्ध्या तासाचे खरे काम द्यावे, निघताना ‘कसे वाटले?’ असे विचारावे. शिकवणे त्यानंतर येते, पण यायलाच हवे. इंग्लंडातल्या गिलवेल पार्कमध्ये स्काउटमास्तरांचे वुड बॅज प्रशिक्षण 1919 मध्येच सुरू झाले. भारत स्काउट्स आणि गाइड्सचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीला आहे. लहान गटाला एवढे जमणार नाही. महिन्यातून एक संध्याकाळ नव्यांसोबत बसणे तरी जमेल.

जूनमध्ये शाळा उघडण्याआधी प्रत्येक गटाने आपल्याकडची कामे वेळ आणि मुदतीसह कागदावर लिहावीत. मग पालक, निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, गृहिणी, महाविद्यालयीन मुले-मुली यांच्यापैकी प्रत्येकाला नाव घेऊन, घरी जाऊन विचारावे. हे केल्याशिवाय ‘माणसे मिळत नाहीत’ असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला नाही.