ज्वालामुखी पुरे झाले!

२८ फेब्रुवारी १९२८ ला रामन परिणामाचा शोध लागला, म्हणून १९८७ पासून तो दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन. शाळाशाळांतून प्रदर्शने भरतात. निमित्त उत्तमच. पण टेबलावर काय असते? तोच तो मातीचा ज्वालामुखी! निम्मा बाबांनी केलेला, निम्मा दुकानातून आणलेला. मुलगा पाठ केलेली माहिती घडाघडा म्हणतो, परीक्षक माना डोलावतात, बक्षीस मिळते.

अहो, खायचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस कार्बन डायऑक्साइडचा; त्याचा लाव्हाशी काडीचाही संबंध नाही. खरा लाव्हा आपल्या पायाखाली आहे. सह्याद्रीतले थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, आणि तो लाव्हा बहुतांशी शंकूसारख्या डोंगरातून नव्हे, तर जमिनीच्या लांबलचक भेगांतून पसरला. रस्त्याकडेचा काळा दगड उचलून टेबलावर ठेवायला एक पैसा पडत नाही. पण त्याला बक्षीस कोण देणार?

म्हणतील, मुलांना गोडी तर लागते! कसली? टाळ्यांची. अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून भूमिती शिकवली. तिथे मूल स्वतः जोडते, चुकते, पुन्हा जोडते.

माझे म्हणणे एवढेच, की बक्षिसे बंद करा. परीक्षकांनी एकच विचारावे, "तुझं कुठे चुकलं, आणि मग तू काय केलंस?" ज्याला सांगता येईल, प्रयोग त्याचा. बाकीचे ज्वालामुखी बाबांना परत करावेत.