विरजणाच्या तीन वाट्या
थंडी पडू लागली की दही नीट लागत नाही, ही तक्रार घरोघरी ऐकू येत असताना, मुलांना विज्ञान यावे म्हणून महागडे संच विकत आणणाऱ्या पालकांनी आधी या तक्रारीकडे वळावयास हवे. विरजणातील जिवाणू दुधातील शर्करेचे, म्हणजे लॅक्टोजचे, लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात आणि आम्लता पुरेशी वाढली की केसीन हे दुधातील मुख्य प्रथिन एकत्र येऊन दूध घट्ट होते. या जिवाणूंना साधारणतः ४० ते ४५ अंश सेल्सिअस तापमान मानवते, आणि आजी दुधात करंगळी बुडवून नेमके तेच पाहते. एकाच पातेल्यातील दूध तीन वाट्यांत घेऊन, पहिलीत ते उकळते असताना, दुसरीत कोमट असताना आणि तिसरीत फ्रिजमध्ये गार झाल्यावर, मुलाने स्वतः चमचा चमचा विरजण लावावे, तिसरी वाटी पुन्हा फ्रिजमध्ये ठेवावी आणि कोणती आधी लागेल याचा अंदाज कारणासह वहीत लिहावा; एकच घटक बदलून बाकीचे सारखे ठेवण्याच्या या रीतीस नियंत्रित प्रयोग म्हणतात. त्या रात्री वडिलांनी मोबाइलवर शोधून उत्तर सांगणे हे मुलाचे नुकसानच होय. सकाळी न लागलेल्या दोन्ही वाट्या मोरीत ओतू नयेत, कारण त्या उबेला ठेवल्यास फ्रिजमधली वाटी उशिरा का होईना लागते, उकळत्या दुधाची मात्र लागत नाही, आणि जिवाणू मंदावणे व मरणे यांतील फरक मुलाला तेथे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो.