एक जूनची लेकरं

गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी नागपूरच्या सीताबर्डीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पणत्या, रांगोळीचे साचे, लायटिंगच्या माळा, त्यातून वाट काढत मी एका मोबाइलच्या दुकानात शिरले ती फक्त चार्जर घ्यायला. माझ्या पुढे एक कुटुंब उभं होतं. बाबांनी स्वतःसाठी नवा फोन घेतला होता आणि जुना लेकाला द्यायचा होता. थोरल्याचा शर्ट धाकट्याला यावा तसे हल्ली घरात फोन खाली उतरतात आणि उतरायचा मुहूर्त बहुतेक दिवाळीचाच असतो. काउंटरवरचा पोरगा सराईत हातांनी जुना फोन कोरा करून नव्याने लावून देत होता. जन्मतारखेचा रकाना आला तशी मुलाने आपली खरी तारीख सांगितली. साल 2013. पोरगा हसला. ‘‘खरी टाकली तर घेऊन नाही राहिला ना, काका. मग तुमचा मेल, तुमची परवानगी, लय झंझट. 2000 टाकून देऊ?’’ बाबांनी घड्याळ पाहिलं. ‘‘टाक ना बाबा, काहीही टाक.’’ आत शिरताना अकरा वर्षांचा असलेला मुलगा चोवीस वर्षांचा होऊन बाहेर पडला. वर टेम्पर्ड ग्लास फुकट.

खोट्या जन्मतारखेची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. पोराला शाळेत घालायला आलेल्या आईला ‘पोळ्याच्या आधी, लय पाणी पडलं होतं त्या सालात’ एवढंच आठवायचं आणि गुरुजी रजिस्टरात एक जून लिहून मोकळे व्हायचे. आमच्या वडिलांच्या पिढीतली निम्मी माणसं अशी एक जूनला जन्मली आणि मेच्या अखेरीला गठ्ठ्याने निवृत्त झाली. अजूनही एक जूनला फेसबुक उघडावं तर शुभेच्छा देता देता बोटं दुखतात. त्या थापेने कोणाचं फारसं बिघडलं नाही. फार तर नोकरीचं एखादं वर्ष इकडे-तिकडे झालं.

सीताबर्डीवरच्या थापेचं तसं नाही. इन्स्टाग्रामवर खातं उघडायला किमान 13 वर्षं लागतात. 2024 च्या सप्टेंबरमध्ये या कंपनीने 13 ते 17 वयाच्या मुलांसाठी वेगळी ‘टीन अकाउंट’ आणली, भारतात ती 2025 च्या फेब्रुवारीत आली. अशा खात्यावर मुलाचे फोटो आपोआप खासगी राहतात, अनोळखी माणसाला थेट निरोप पाठवता येत नाही, रात्री दहा ते सकाळी सात सूचना गप्प बसतात आणि सोळाच्या आतल्या मुलाला ही बंधनं सैल करायची तर पालकांची संमती लागते. कंपनीने हे मनापासून केलं की जगभरच्या सरकारांनी कान पिळल्यामुळे, हा वाद बाजूला ठेवू. मला पहिल्यापेक्षा दुसरं कारण जास्त पटतं. पण कुंपण आहे आणि ते सगळंच्या सगळं त्या एका रकान्यावर उभं आहे. तिथे 2000 टाकलं की मूल कुंपणाबाहेर. यंत्राच्या लेखी तो नोकरीला लागलेला तरुण असतो. त्याला तशा जाहिराती दिसतात, त्याच्याकडे तशी माणसं येतात. आपला 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठराच्या आतल्या प्रत्येकाला मूल मानतो, त्याचा डेटा वापरण्याआधी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती मागतो, मुलांवर पाळत ठेवून केलेल्या जाहिरातींना मनाई करतो. कागदावर चोवीस वर्षांच्या असलेल्या मुलाला त्याचा काय उपयोग?

त्या बाबांना नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही. 2020 मध्ये शाळा बंद पडल्या, वर्ग व्हॉट्सॲपवर आणि झूमवर आले, तेव्हा माझ्या भाचीचं पहिलं खातं मीच उघडून दिलं होतं. ती नऊ वर्षांची होती. मी 1999 टाकलं. का, तर रकाना पुढे सरकू देत नव्हता आणि माझ्या मीटिंगला उशीर होत होता. ती शेजारी बसून बघत होती. पुढे याच तारखेवर तिचं इन्स्टाही उघडलं. या जगात कसं वागावं याचा तिला मिळालेला पहिला धडा तो. देणारी मावशी, विषय खोटं कसं बोलावं.

या दिवाळी अंकाच्या तयारीत पावसाळ्यात पूर्व नागपुरातल्या एका शाळेत दोन दिवस गेले. आठवी ते दहावीच्या मुलांशी इंटरनेटवर बोलायचं होतं. माझं भाषण जेमतेम दहा मिनिटं टिकलं. पोरांनी सभ्यपणे ऐकलं. पासवर्ड कोणाला सांगू नये, अनोळखी लिंक उघडू नये, हे त्यांना पाढ्यासारखं पाठ आहे. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘सामाजिक आरोग्य’ नावाचा धडाच आहे, मोबाइलचा अतिवापर आणि सायबर गुन्हे त्यात येतात. दहा धड्यांतला नववा. मागच्या बाकावरून एकाने सांगून टाकलं, ‘‘मॅडम, तो तर दोन मार्काला येते.’’

मग बाईंनी खडूचा रिकामा डबा टेबलावर ठेवला आणि नाव न घालता चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या. तोवर चुळबुळणारा वर्ग एकदम शांत झाला. वहीची पानं टरकावण्याचा आवाज, मग नुसता पंख्याचा. चिठ्ठ्या चार-चार घड्या घालून आल्या. काहींनी डाव्या हाताने लिहिलं होतं, अक्षर ओळखू नये म्हणून. ‘इन्स्टावर मी 25 वर्षाचा आहे.’ ‘आईला माहीत नाही माझे दोन अकाउंट आहे.’ ‘आमच्या ग्रुपवर एका मुलीचा स्टिकर बनवला, मी पण फॉरवर्ड केला, आता ती शाळेत येत नाही.’ ‘पप्पा जेवताना रील बघते आणि मला रागवते.’ आणि एक चिठ्ठी, जिच्यातला शब्द न् शब्द मला अजून आठवतो: ‘माझ्या फोटोचा चेहरा दुसऱ्या फोटोला लावून पाठवला. पैसे मागितले. आईच्या फोनवरून 500 पाठवले. तो अजून मागते. घरी सांगितलं तर मोबाइल घेऊन घेईल.’

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. पैसे मागणाऱ्या माणसाची भीती या लेकराला आहेच, पण तराजूत जड पडलं ते दुसरंच. डब्यातल्या बऱ्याच चिठ्ठ्यांमध्ये ते या ना त्या शब्दांत होतं. घरात काही कळलं की पहिली शिक्षा ठरलेली, फोन जप्त. मुलाचा दोष असो वा नसो. खिसा कापला म्हणून घरी सांगितलं तर उद्यापासून बाहेर जाणंच बंद, असं झालं तर खिसा कापल्याचं कोण सांगेल? धमकावणाऱ्याला हे हिशेब आपल्यापेक्षा चांगले येतात. ‘तुझ्या घरी सांगेन’ एवढंच त्याचं हत्यार असतं आणि त्याला धार घरातूनच लावून मिळते.

ती चिठ्ठी मुख्याध्यापिकांना दाखवली. कोणाची आहे हे शोधत न बसता त्यांनी दुसऱ्या दिवशी प्रत्येक वर्गात जाऊन सांगितलं की असं काही झालेल्याने माझ्याकडे यावं, कोणाचाही फोन जाणार नाही, हा माझा शब्द. दोन दिवसांनी मूल आपणहून आलं. पुढचं काम घरच्यांनी आणि पोलिसांनी केलं, त्याबद्दल इथे याहून जास्त लिहिणं बरं नाही. पण त्या निमित्ताने जे शिकले ते सांगून ठेवते, कारण बहुतेक घरांत हे ठाऊक नसतं. पैसे पाठवून धमकावणारा थांबत नाही. एकदा दिले की हा देतो एवढंच त्याला कळतं. भीतीपोटी चॅट पुसून टाकायचं नाही, तोच पुरावा. स्क्रीनशॉट, खात्याचं नाव, यूपीआयचा क्रमांक जपून ठेवायचा. पैसे गेले असतील तर 1930 वर तातडीने फोन करायचा, कारण पुढच्या खात्यातून रक्कम निघण्याआधीच ती गोठवता येते. मूल संकटात असेल तर 1098. अश्लील किंवा चेहरा बदलून बनवलेल्या फोटोबद्दल खुद्द त्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कोणी तक्रार केली तर कंपनीने ठरलेल्या मुदतीत तो हटवण्याची पावलं उचलायची, असं 2021 चे माहिती तंत्रज्ञान नियम सांगतात. अमेरिकेतल्या बेपत्ता आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची ‘टेक इट डाऊन’ नावाची फुकट सेवाही आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्या फोटोवरून आकड्यांचा एक ठसा तयार होतो, तेवढाच पुढे जातो आणि सहभागी कंपन्या त्याच्याशी जुळणारा फोटो आपल्याकडे शोधून काढतात. आणि मुख्य म्हणजे मुलाने फोटो स्वतः पाठवला असला तरी पॉक्सो कायद्याच्या नजरेत धमकावणारा गुन्हेगारच ठरतो. हे मुलाला त्या क्षणी कोणीतरी मोठ्याने सांगावं लागतं.

आता बंदीविषयी. फोनच द्यायचा नाही, असं म्हणणारे वाचक मला दरवर्षी पत्र लिहितात आणि त्यांचं म्हणणं मला पूर्ण चूक वाटत नाही. ऑस्ट्रेलियाने तर 2024 च्या नोव्हेंबरमध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियाची दारं बंद करणारा कायदाच केला, अंमल 10 डिसेंबर 2025 पासून. आपल्या विदर्भातही हे झालंय. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने 2022 च्या नोव्हेंबरमध्ये अठराच्या आतल्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला, देशभर बातमी गाजली. त्या गावकऱ्यांची तळमळ खरी होती. पण बंदीचं काय होतं हे नागपूरकरांना कोणी वेगळं शिकवायला नको, नायलॉन मांजाने शिकवलंय. बंदी आहे, न्यायालयाचे आदेश आहेत, जप्तीचे फोटो छापून येतात आणि संक्रांतीला कोणाचा तरी गळा चिरतोच. फ्री फायर हा गेम 2022 च्या फेब्रुवारीत बंद झाला, पोरं त्याच आठवड्यात ‘फ्री फायर मॅक्स’वर होती. मारबतीच्या मिरवणुकीत दरवर्षी गावावरच्या इडापिडेचे बडग्ये, म्हणजे पुतळे, निघतात, वेशीबाहेर जळतात. मोबाइलचा बडग्या काढून जाळावा असं वाटतं खरं, पण जाळणार कसा, उद्याचा गृहपाठ त्यातच आलेला असतो.

त्यापेक्षा मला सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव जवळचं वाटतं. तीनेक हजारांची वस्ती, उसाचं गाव. 2022 च्या ऑगस्टपासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, टीव्ही-मोबाइल बंद होतात, मुलं पुस्तकं घेऊन बसतात. साडेआठला पुन्हा भोंगा. सुरुवातीला लोक हसले. मग आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. या प्रयोगातली मला आवडलेली गोष्ट अगदी साधी आहे, भोंगा सगळ्यांना सारखा वाजतो. आजोबांची मालिकाही थांबते, बाबांचा फोनही. ‘पप्पा जेवताना रील बघते’ अशी चिठ्ठी त्या दीड तासाबद्दल कोणी लिहू शकणार नाही. नागपूरच्या लक्ष्मीनगरात किंवा महालात असा भोंगा वाजवून दाखवा, असं कोणी म्हणेल. शहरात देवळाचा भोंगा चालणार नाही हे मान्य. घरातलं चार्जर ठेवायचं एक टेबल चालेल, सगळ्यांचे फोन रात्री तिथे. मोठ्यांचे आधी.

‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीच्या 2024 च्या फेरीत देशाच्या ग्रामीण भागातल्या 14 ते 16 वयाच्या मुलांना फोन हाताळायला लावून पाहिलं. स्मार्टफोन वापरता येणारी मुलं 82 टक्के. त्यांतल्या सोशल मीडिया वापरणाऱ्यांपैकी एखाद्याला ब्लॉक कसं करावं हे 62 टक्क्यांना माहीत होतं, आपलं खातं खासगी कसं ठेवावं हे 55 टक्क्यांना. म्हणजे जवळपास निम्मी लेकरं दार उघडं टाकून झोपतात, कारण कडी कुठे आहे हे कोणी दाखवलंच नाही. दोन मिनिटांचं काम आहे. त्यासाठी संगणकतज्ज्ञ लागत नाही, मुलाशेजारी बसलेली मावशी पुरते.

या अंकात कथा, कविता, ललित नेहमीसारखं आहेच. मधली सोळा पानं त्या खडूच्या डब्यातल्या चिठ्ठ्यांना दिली आहेत, ओळख पटेल असा मजकूर गाळून, भाषा मात्र जशीच्या तशी. शुद्धलेखन दुरुस्त करावं असं संपादक मंडळातल्या एकांचं मत पडलं. मी नको म्हटलं. फराळाचं ताट समोर घेऊन वाचण्यासारखी ती पानं नाहीत, पण दिवाळीच्या सुट्टीतच घरातली सगळी माणसं एका खोलीत सापडतात.

माझ्या भाचीची जन्मतारीख मागच्या महिन्यात आम्ही दोघींनी मिळून दुरुस्त केली. सव्वीस वर्षांची पोरगी यंत्राला ओळखपत्र दाखवून चौदाची झाली. खातं खासगी झालं, रात्री दहाला सूचना बंद पडू लागल्या, ‘एक तास झाला’ अशी आठवण येऊ लागली आणि ती माझ्यावर आठवडाभर फुगून बसली. मीही तिला सॉरी म्हटलं, 1999 साठी. त्यानंतर एके संध्याकाळी तीच आजोबांचा फोन घेऊन बसली. त्यांच्या खात्याचा पासवर्ड त्यांचंच नाव आहे आणि पुढे एक-दोन-तीन, हे तिने शोधून काढलं होतं.

‘‘आजोबा, यात तुमचा वाढदिवस एक जून आहे.’’

‘‘गुरुजींनी टाकला तो.’’

‘‘मग खरा कोणता?’’

माझ्या बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ‘‘आईला विचारायचं राहूनच गेलं,’’ म्हणाले.